कोलोनचा एक तास

"कोलोनला गेलीस की कॅथीड्रलमध्ये माझ्या नावाची मेणबत्ती लाव," आई आमच्याकडून घरी परत जाताना म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं.

यंदा ईस्टरच्या सुट्टीचं वेळापत्रक माझ्या नवऱ्याने, योरिसने आखलं. गेंटहून निघून बॉनला जायचं, कोलोनला गाडी बदलायला अकरा मिनिटं.

"तिथे तासभर ठेव ना," मी म्हणाले.

"पुन्हा चर्च? गेंटमधलं रोजचं पुरत नाही का बाई तुला?"

"नाही रे, तुझ्या बिअरसाठी."

तास लगेच मिळाला.

कोलोनच्या बिअरच्या दुकानात आपण पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती उचलून पेल्यावर ठेवेपर्यंत वाढपी भरलेले पेले आणतच राहतो. आईने हे मला सांगितलं होतं. योरिसला मी नाही सांगितलं.

"काय प्रेमळ माणसं आहेत!" तिसऱ्या पेल्याला तो म्हणाला.

"सावकाश पी," म्हणत मी त्याची चकती पर्समध्ये टाकली आणि हळूच कॅथीड्रलकडे निघाले.