दोन पळ्या एरंडेल

काठोकाठ

मी एक जुनी एरंडेलाची बाटली आहे. हिरवट काचेची, जाड बुडाची. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमची माझी मैत्री कसली? मला पाहून तुम्ही नाक दाबता, आणि तुमच्या आया मला पाहून निश्चिंत होतात. मला दोन्हींचा राग येतो. दुसऱ्याचा जास्त.

माझी काच कुठे ओतली गेली ते मला ठाऊक नाही. आठवतं ते लोणावळ्याच्या दवाखान्यातलं फडताळ. घाटात तेव्हा कोळशाची इंजिनं धापा टाकत चढत आणि त्यांची काजळी आमच्या अंगावर येऊन बसे. शेजारी सोड्याची बरणी, तिच्यापलीकडे बिस्मथची पूड, खालच्या फळीवर इसबगोल. आम्ही सगळे पोटाचेच चाकर, पण कामं वेगळी. सोडा पोटातलं आंबट मारतो. छातीत जळजळलं की त्याला बोलावणं. बिस्मथ आतड्याला आतून लेप देतो आणि हगवण थोपवतो. इसबगोल पाण्यात फुगतो, मळ मऊ करतो. वर पाणी कमी प्यालात तर तोच आत अडून बसतो. आणि मी? मी आतड्याला डिवचते. बसलेल्या बैलाला पराणी टोचावी तशी. आतडं आकसतं, ढकलतं, मोकळं होतं. अडलेल्या कोठ्यावर माझ्यासारखी दुसरी नाही.

पण पराणी कुणाच्याही हाती द्यायची नसते.

तिथल्या इंदिराबाई पुण्याला नर्सिंग शिकून आल्या होत्या. बिस्मथ देताना त्या आधीच सांगत, "परसाकडे काळं होईल, घाबरू नका." माझं बूच काढण्याआधी मात्र त्या नुसते प्रश्न विचारत. कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा. ओकारी झाली का? अंग गरम आहे का? बाई असेल तर, दिवस गेलेत का? मग पोट चाचपत. पोट दुखतंय आणि कारण कळत नाही, अशा माणसाला त्यांनी मला कधीच पाजलं नाही.

एकदा कंपाउंडर कंटाळून म्हणाला, "बाई, एवढी उलटतपासणी कशाला? एरंडेलच तर आहे."

"आत कोण आहे ते ठाऊक नसताना दाराला लाथ मारू नये," त्या म्हणाल्या.

खांद्यापर्यंत

महिपती रेल्वेच्या रुळांवर काम करणारा गडी. त्याचा कोठा अडला. इंदिराबाईंनी सगळं विचारलं, पोट चाचपलं आणि मला त्याच्या बायकोच्या, शालूबाईच्या हातात ठेवलं. "सकाळी अनशापोटी, कोमट दुधातून दोन पळ्या. वर गरम पाणी. आणि बाटली परत आणा."

महिपती मोकळा झाला. बाटली परत गेली नाही.

शालूबाई तिकोणा गडाखालच्या पेठेची. मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची. तिनं मला रेल्वेच्या चाळीतल्या आपल्या खोलीत देवाच्या कोनाड्याशेजारी ठेवलं. संपले की तेल्याकडून भरून आणी. सगळी चाळ वाटी घेऊन दारात.

"शालूमावशे, डॉक्टरीण झालीस की गं. फी किती?"

"फी म्हंजे, उद्या परसाकडं पळताना माझं नाव घ्यायचं."

हसत सगळे. मीही हसले असते. पण डोकं दुखलं, एरंडेल. पोरगं रुसलं, एरंडेल. रविवारी चाळीतली पोरं ओळीनं उभी, नाकं दाबून. सून माहेराहून उशिरा आली, "कोठा बिघडला असंल," एरंडेल. कुणी काही विचारीना. औषध चाळीत आलं, प्रश्न दवाखान्यातच राहिले.

निम्मी

ही सून म्हणजे रतन. शालूबाईचा मुलगा सोपान इंजिनाच्या शेडमध्ये कामाला होता, त्याची नवी बायको. सगळ्या चाळीत मला चिडवणारी ती एकटी. "आत्याबाई, तुमच्या ह्या बाटलीला येकदा पुरणाचा निवद दावा," म्हणायची, आणि शालूबाई खोटं खोटं डोळे वटारायची. सासू-सुनेचं असं गूळपीठ मी दुसरं पाहिलं नाही. हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं ते वैरानं झालं नाही.

रतनच्या माहेराहून फणस आला. सगळ्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी रतन बेंबीपाशी दुखतंय म्हणाली. दुपारी दुखणं खाली उजवीकडे उतरलं. ती उजवा पाय पोटाशी घेऊन पडली, पदरसुद्धा पोटावर सहन होईना. ओकली. अंग कढत.

"फणस बाधला," शालूबाई म्हणाली. "किती गरं खाल्लंस?"

"तुमीच वाढलं की, आत्याबाई."

दोन पळ्या. रतननं त्या तशाच ओकून टाकल्या. सोपान घाबरून इंदिराबाईंना घेऊन आला. त्यांनी उजव्या कुशीखाली हळूच दाबलं आणि हात एकदम उचलला. रतन किंचाळली.

"काही दिलंत?"

"दोन पळ्या. वकली समदं."

"नशीब. आता काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही. आतड्याला शेपटीसारखा एक तुकडा असतो, तो सुजलाय असं मला वाटतं. जुलाब दिलात तर फुटेल. पुण्याला न्यायचं, पोट उघडावं लागेल. सोपान, चल माझ्याबरोबर, डोलीची आणि गाडीची सोय करू."

पोट उघडायचं म्हटल्यावर शालूबाईचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडे बोट केलं. "बाई, ही बाटली तुमीच दिलती न्हवं?"

"महिपतींना दिली होती. रतनला नाही."

"पोट त्ये पोट."

इंदिराबाई समजावायला उंबऱ्यात वळल्या. गाडीची वेळ होत आली होती. त्या गेल्या.

रतन कण्हत होती. शालूबाईला ते ऐकवेना. तिनं पुन्हा मला उचललं, या खेपेला आल्याच्या पाण्यात, म्हणजे पोटात टिकेल.

"बाईंनी नको म्हणलंय," रतन म्हणाली.

"बाई काय घरची हाय? म्या हाय. पी."

बाटलीला अडता येत नाही. कलती केली की ओतावंच लागतं. तो राग अजून माझ्या गळ्याशी आहे.

तळाला

रतनचं दुखणं थांबलं.

एकाएकी. तिनं पाय लांब केला, भिंतीला टेकून बसली. "आत्याबाई, थांबलं."

शालूबाईनं मला कपाळाला लावलं. शेजारची सरुबाई आली, आणखी दोघीतिघी आल्या. "गुण आला गं बाटलीला." कुणीतरी माझ्या खांद्याला कुंकू लावलं. आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी. आणि मी आत जे केलं होतं ते असं: आतड्याला डिवचलं होतं, आणि तो सुजलेला तुकडा फुटला होता. फुटलं की ताण जातो. ताण गेला की दुखत नाही. थोडा वेळ.

सोपान डोली घेऊन आला तर बायको बसलेली.

"कशापायी न्हेतोस तिला फाडाया?" शालूबाई म्हणाली. "बग की, हसतीया."

सोपाननं रतनकडे पाहिलं. ती खरंच हसत होती. डोलीवाल्यांनी चहा घेतला आणि ते गेले. गाडीही गेली.

स्टेशनावर वाट पाहून इंदिराबाई चाळीत आल्या. बायका त्यांना हसत सामोऱ्या गेल्या. "बाई, तुमच्याच बाटलीनं गुण दिला." इंदिराबाईंनी फक्त विचारलं, "कधी थांबलं?" आणि उत्तर ऐकताच सोपानला डोली परत आणायला पिटाळलं; पण पुढची गाडी रात्रीची होती.

दिवस मावळेपर्यंत रतनचं पोट फळीसारखं ताठ झालं. मग पळापळ, मग ती गाडी. ती पुण्याहून परत आली नाही.

रिकामी

आता तुम्हाला वाटेल मला फोडून टाकलं असेल. छे. शालूबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "फणस बाधला माज्या लेकीला." ती खरंच रडे. आणि मी कोनाड्यात तशीच, खांद्यावरच्या कुंकवासकट.

एका दुपारी सरुबाई वाटी घेऊन आली. तिच्या पोरीचं पोट दुखत होतं. शालूबाईनं सवयीनं मला घेतलं, वाटीवर कलतं केलं. सोपान भिंतीशी बसला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं होतं आणि तो परतल्यापासून ते गिळून होता.

"आये," तो म्हणाला, "फणस न्हवता."

"मंग काय व्हतं?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. शालूबाईनं त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. तिनं मला सरळ केलं.

"सरू," ती म्हणाली, तेव्हा तिचा तो मोठा आवाज नव्हता, "पोरीला इंदिराबाईंकडं ने. हितनं कायबी न्हेऊ नगंस." आणि मला तिनं लेकाच्या हातात दिलं.

त्यानं मला शेडमध्ये आणलं. माझं उरलेलं तेल इंजिनाच्या चाकांना गेलं. तेव्हापासून मी इथे खिडकीत आहे, वंगणाची बाटली. चाकांना पोट नसतं. बरं आहे.

शालूबाईवर माझा राग आहे. तिनं मायेनं पाजलं म्हणून तो कमी होत नाही. इंदिराबाईंवरही आहे, मला दिलं, आणि ते प्रश्न सोबत द्यायला त्या विसरल्या. म्हणून ते मी देते. मित्रांनो, पोट दुखतंय असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कुठे. बोट ठेवायला सांगा. ओकारी असेल, ताप असेल, पोटाला हात लावू देत नसेल, तर माझ्या जातीच्या कुठल्याही बाटलीचं बूच काढू नका. खायला देऊ नका, प्यायला देऊ नका. उचला आणि दवाखान्यात न्या. आणि वाटेत दुखणं एकाएकी थांबलं तर हसू नका. धावा.