गडद तपकिरी, दोन हात

मुलानं रंगाऱ्याला फोनवर सांगितलं, "रंग कोणता ते आईला विचारून घ्या." आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं त्यानं. माझं घर भाड्यानं द्यायचं, मी त्याच्याकडे राहायला जायचं, रविवारी भाडेकरू बघायला येणार, हे सगळं त्यानं मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. पण रंगारी पडला सरळ माणूस. सकाळी दारात शेडकार्ड उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, बोला."

हे गेल्यापासून मला कुणी 'बोला' म्हटलं नव्हतं. मी गडद तपकिरीवर बोट ठेवलं.

"एका भिंतीला ना? हल्ली लावतात तसं."

"घरभर. एकही भिंत सोडायची नाही."

त्यानं डोकं खाजवलं. "बघा हं. यावर उद्या पांढरा मारायचा म्हटलं तर चार-पाच हात लागतील. सहजासहजी दबणारा रंग नाही हा."

"मग हाच द्या," मी म्हटलं.

चाळीस वर्षं मी या घराच्या पांढऱ्या भिंती पुसल्या. यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग, पोराच्या पेन्सिली, स्विचभोवतीचे बोटांचे ठसे. भिंत स्वच्छ दिसली की घर छान, डाग दिसला की बाई आळशी. त्या पांढऱ्या रंगाचा मला मनापासून राग होता. आणि मुलाकडे मला काय मिळणार होतं? हॉलमधला सोफा, तोही सगळे टीव्ही बघून उठल्यावर. मला जायचंच नव्हतं. पण एवढं साधं वाक्य त्याच्यासमोर माझ्या तोंडून फुटत नव्हतं.

रंगाऱ्यानं दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीला पहिला हात मारला. मी जवळ जाऊन बघितलं. कुठे दाट, कुठे विरळ, मधूनच जुना पांढरा डोकावतोय. भिंतींना नायटा झाल्यासारखं दिसत होतं.

"पहिल्या हातावर मत द्यायचं नसतं, काकू," रंगारी म्हणाला आणि डबा खायला बसला.

नेमका तेव्हाच मुलगा आला, स्वतःच्या किल्लीनं दार उघडून. दारातच त्याचा चेहरा पडला.

"हे काय करून ठेवलंय? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, आईला विचारा," रंगारी घास गिळत म्हणाला. "विचारलं."

"अहो, म्हणून काय... ते राहू दे. थांबवा हे. पांढरा मारा यावर."

रंगाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रोलर उचलला, रंगात बुडवला आणि मुलाच्या देखत भिंतीवर फिरवला. शिंतोडे गाऊनवर उडाले, पण रोलर गेला तिथली भिंत एकसारखी झाली, कडक कॉफीसारखी. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच शेजारी दुसरा पट्टा ओढला.

"आई, वेड लागलंय का तुला? रविवारी माणसं येणार आहेत. असल्या अंधाऱ्या घरात राहणार कोण?"

"मी."

त्यानं ओल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "एकटी?"

"एकटी. तू येत जा, पोरांना घेऊन ये, जेवायला थांब. फक्त ती किल्ली इथे ठेवून जा. पुढच्या वेळी बेल वाजव, मी दार उघडीन."