वीस गुंठ्यांच्या आतलं

नकाशा साफ करण्यात माझा हात धरेल असं उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कोणी नाही, असा १९९८ साली माझा ठाम समज होता. टेलिफोनच्या तारेवरून उतरवलेल्या, दाबून लहान केलेल्या उपग्रहचित्रांच्या फायली मी उलगडायचे, शेजारचे तुकडे कडेला कडा लावून जोडायचे आणि नकाशाच्या प्रोग्रॅमला चालतील अशा करून द्यायचे. शेवटी कचरा, म्हणजे बारीकसारीक ठिपके, काढायचा. आमचे गुरुदत्तसर पूर्वी फक्त शहरांचे नकाशे करायचे. तिथे वीस गुंठ्यांच्या आतला ठिपका म्हणजे डाग, पुसून टाका. तोच नियम पुढे चालू राहिला.

या खेपेला बदलापूरच्या डोंगरपट्टीतल्या नळयोजनेचं काम होतं. नकाशात दिसेल त्या वस्तीला नळ. नकाशा कालच पोचता केला होता.

दुपारी धाकलू आला. सर्व्हेवाल्यांबरोबर डोंगरात काठ्या धरून फिरलेला माणूस.

"ताई, आमची उंबराची वाडी दावा ना. बाया पार खाली वढ्यावर जातात. नळ येतोय म्हनून सांगतो त्यांना."

मी थाटात नकाशा उघडला. ओढा सापडला, टेकडी सापडली. वर हिरवं रान. नुसतं रान!

"हितं अकरा घरं हायेत," त्याने काचेवर बोट टेकवलं. "ज्याचं घर त्याच्या शेतात. लांब लांब."

लांब लांब म्हणजे अकरा सुटे ठिपके, एकही वीस गुंठ्यांचा नाही. चहा पिता पिता मीच पुसले होते. मूळ फायलीही डिस्क भरली म्हणून उडवल्या होत्या.

"आमी न्हाय काय यात?" धाकलूने विचारलं.

मी सरांकडे धावले.

"एक वाडी ना? घाल हाताने, मी योजनेच्या ऑफिसला पत्र देतो," सर म्हणाले. "एवढं काय आभाळ कोसळलंय, कुमुदिनी?"

असा संताप आला! तिरीमिरीत येऊन खुर्चीवर बसले आणि एकच वाडी गेली का ते बघायला काढलेल्या ठिपक्यांची नोंद उघडली. जागा कुठेच नाहीत, नुसता आकडा: चारशे बारा.

त्यांतली अकरा घरं धाकलूने बोटाने दाखवली. उरलेल्या चारशे एकांत डाग किती आणि घरं किती, हे आता मलाही सांगता येत नव्हतं, आणि त्यांतलं दुसरं कोणी आमचा जिना चढून विचारायला येणार नव्हतं.