अठ्ठावीस सेकंदांची उचकी

हिमांशू पुण्यात, लोकांना न भेटता स्पर्श करण्याच्या धंद्यात होता. धंदा कायदेशीर होता. दोघांनी एकेक मनगटी पट्टा बांधायचा. एकाने आपला दाबला की दुसऱ्याच्या मनगटावर बारीकशी मोटर थरथरते आणि कोणीतरी हात धरल्यासारखं वाटतं. दाबून धरलं तेवढा वेळ थरथर, सोडलं की बंद. लोकांनी हौसेने पट्टे घेतले आणि महिनाभरात दाबायला विसरू लागले. तेव्हा हिमांशूनेच उपाय काढला. ॲपमध्ये एकदा वेळ लावून द्यायची, पुढे माया आपोआप पोहोचते. रोज, न चुकता, अठ्ठावीस सेकंद. त्याहून कमी ठेवली तर कंजूषपणा वाटतो आणि जास्त ठेवली तर संशय येतो, असं चाचणीत निघालं होतं.

या सोयीचं पहिलं गिऱ्हाईक तोच. दिवाळीत नवेगाव बांध या आपल्या गावी जाऊन त्याने आईच्या, देवकाबाईंच्या, मनगटावर पट्टा बांधला, संध्याकाळी सातची वेळ लावली आणि आपला पट्टा पुण्यातल्या टेबलाच्या खणात, स्टेपलरशेजारी ठेवून दिला. तो एकदाही स्वतःच्या बोटाने दाबला नाही. फोनवर देवकाबाई म्हणायच्या, "येते बाप्पा, रोज येते." तो "हो ना" म्हणायचा आणि विषय धानाच्या पिकावर न्यायचा.

फेब्रुवारीत चार दिवसांसाठी घरी निघाला, तेव्हा गाडीत त्याच्या डोक्यात आलं, आपण आईसमोर रिकाम्या हातांनी बसलेलो असताना सातला पट्टा थरथरला तर? त्याने फोन काढून वेळापत्रक बंद केलं. बंद करताना थोडं प्रामाणिक झाल्यासारखंही वाटलं. आपला पट्टा त्याने खणातून काढून खिशात टाकला होताच, आईने विचारलं तर दाखवायला.

घरी आला तर ओसरीवर कापडी पिशवी भरून ठेवलेली. वर लाखोरीची डाळ, खाली नवं लुगडं.

"उद्या पयल्या गाडीनं देवरीले जाऊन राहिली," देवकाबाई म्हणाल्या. "शामकलाकडं."

हिमांशूच्या हातातला पाण्याचा गडवा हातातच राहिला. शामकला म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात देवकाबाईंना, खुद्द नवरीच्या मावशीला, दुसऱ्या पंगतीत बसवलं होतं. तेव्हापासून नवेगाव ते देवरी गाड्या जायच्या, निरोप जायचा नाही.

"मावशीनं बोलावलं?"

"बोलावलं नाही. आठवन काढते." देवकाबाईंनी मनगटावर टिचकी मारली. "रोज सातले."

मग उलगडा झाला. देवकाबाईंच्या लेखी पट्टा म्हणजे उचकी होती. आणि उचकी लागली की काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: दूरच्या माणसांची नावं घेत जायचं, ज्याच्या नावावर उचकी थांबली, त्याने आठवण काढली.

"पयले तुयंच नाव घेतलं, बाबू. पट्टा तूच बांधला ना. नाही थांबला. दुसऱ्या दिवशीबी नाही. म्हटलं, कामात असन." हे त्यांनी इतक्या समजूतदारपणे सांगितलं की हिमांशूला शिवी परवडली असती. "मंग मंजूचं घेतलं, कवडूचं घेतलं. तुया बाबाचं घेतलं, वरून काढत असन म्हनून. घ्यायचं नव्हतं, पन शेवटी तोंडातून गेलं, शामकला. थांबला! तवापासून रोज तिच्याच नावावर थांबते."

हिमांशूने मनातल्या मनात मोजलं. आई रोज तीच नावं, त्याच क्रमाने, त्याच लयीत घेत होती. शामकला बरोबर अठ्ठाविसाव्या सेकंदाला येत होती.

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण काय सांगणार? की मावशी आठवण काढत नाही आणि मीही काढत नाही. काढते ती कंपनी?

सात वाजले. देवकाबाई मनगट मांडीवर ठेवून बसल्या. सात पाच झाले. सात दहा झाले. मग त्या उठल्या आणि पिशवीतली डाळ परत डब्यात ओतू लागल्या.

"तिले समजलं असन, मी येऊन राहिली म्हनून. नोको असन."

"रेंज नसेल, आई."

"आठवनीले रेंज कायले लागते?"

हिमांशूने खिशात हात घातला आणि पट्टा दाबला. पहिल्यांदाच.

"आली!" देवकाबाईंचा हात हवेतच थांबला. "शामकला!"

तिथेच सोडायला हवं होतं. पण अंगठा हलेना. आज खरोखर तोच दाबत होता. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव यावं असं त्याला वाटलं. देवकाबाईंचा चेहरा उतरला. "शामकला नाही? त मंजू. कवडू. हिमांशूचे बाबा..." नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. मुलाच्या नावाच्या सर्वांत जवळ त्या तिथेच आल्या, आणि पुढे गेल्या. "चंदा. दुर्गेश. ईश्वरदास मास्तर..."

"आई, मायं नाव नाही घेतलं."

"तू त समोर बसून आहेस! समोरच्याची उचकी लागते काय कोनाले, येडा?"

याची चाचणी कंपनीत कोणी घेतली नव्हती.

नावं संपली. थरथर चालूच. अर्धी डाळ डब्यात, अर्धी पिशवीत. देवकाबाई अगदी हळू, ऐकू गेलं तर लाज वाटेल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या, "शामकला?"

हिमांशूने अंगठा उचलला.

"पाहा! लाजून राहिली होती. लहानपनापासून तसीच आहे." डाळ पुन्हा पिशवीत गेली, वर दोन मुठी जास्तच.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवरीहून फोन आला. दोघी एकदमच बोलत होत्या, त्यामुळे काही कळलं नाही. पंगत एवढा शब्द कळला आणि त्यावर दोघींचं हसणं.

संध्याकाळी सातला हिमांशू ओसरीवर एकटा बसला. आता मावशी आईच्या समोर होती, म्हणजे यादीतून बाद. आणि तो दूर होता. त्याने पट्टा काढला आणि दाबला. अठ्ठावीस सेकंद झाले. संशयाची वेळही उलटून गेली. तो दाबूनच बसला. कोणत्या नावावर सोडायचं, ते इथून ऐकू येत नव्हतं.