यंत्रांचं रडणं ऐकणारे महाराज

शीतगृहाच्या यंत्रशाळेत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, पॅकिंगच्या बायका, ऑफिसातले कारकून, सगळे माना उंचावून उभे होते. मधोमध स्टुलावर यंत्रमहाराज बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तीन नंबरच्या कंप्रेसरवर टेकवलेला तळहात आणि चेहऱ्यावर पोट बिघडल्यासारखी तन्मयता.

"हा रडतोय," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "याचा कंठ कोरडा पडलाय."

मेकॅनिकने झाकण उघडलं, तर तेल खरोखरच तळाला गेलेलं. मालकांनी सगळ्यांदेखत महाराजांचे पाय धरले.

हे असं बऱ्याच दिवसांपासून चाललं होतं. यंत्रांना सेन्सर आणि संगणक जोडून देणाऱ्या ठेकेदाराने या आपल्या मामांना इथे आणलं होतं. मामांच्या मते लोखंडात प्राण असतो, प्राणाला नाद असतो आणि तो नाद फक्त शुद्ध कानालाच ऐकू येतो. कान शुद्ध कसा करायचा, असं मी एकदा विचारलं. माझ्या कानात संशयाचा मळ साचलाय, असं उत्तर मिळालं. लोक खो खो हसले. मी तिथले संगणक सांभाळते, म्हणजे हसणाऱ्यांचे विसरलेले पासवर्डही मीच शोधून देते. पण ते असो.

माझा राग त्या हसण्यावर नव्हता. महाराज नुसते बिघाड सांगून थांबत नव्हते, बिघाडाला माणूसही शोधून देत होते. त्या दिवशी त्यांनी यंत्रशाळेच्या ऑपरेटरकडे बोट दाखवलं. ती माझी वहिनी. दादा गेल्यावर तिने हे काम शिकून घेतलं होतं आणि दोन मुलांचं घर त्यावर चालवत होती. "जिच्या घरातला दिवा विझला, तिच्या हाताखाली यंत्र घुसमटतं," महाराज म्हणाले. मालकांनी तिला तिथल्या तिथे खोकी धुवायच्या हौदावर पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून बायका डबा खाताना तिच्यापासून सरकून बसू लागल्या. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती मुलांना वाढत होती, आणि तिचा डबा न उघडताच परत आलेला होता.

मग एका दुपारी माल चढवायची जुनी लिफ्ट अडकली. महाराज तिला टेकूनच चहा पीत होते, आणि त्यांना कसलंही रडणं ऐकू आलं नव्हतं. मी आठवू लागले. माल सरकवणाऱ्या कन्व्हेयरचा पट्टा तुटला तेव्हाही ते गप्पच होते. ज्या यंत्राला संगणकाची तार नाही, त्याच्या दुःखाची महाराजांना कधीच खबर नसायची.

आमचा प्रत्येक कंप्रेसर आपली हालहवाल सतत लिहून पाठवत असतो: तेल उतरतंय, दाब वाढतोय. या नोंदी गोळा करणाऱ्या संगणकाला लॉग सर्व्हर म्हणतात. कुठल्या नोंदी कोणत्या लॉग सर्व्हरला पाठवायच्या, हे सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं. ठेकेदाराने बनवलेल्या स्क्रीनवर एकच लॉग सर्व्हर दिसायचा, आमच्या ऑफिसातला. पण स्क्रीन बाजूला ठेवून प्रणालीला थेट प्रश्न विचारायचीही सोय असते, तिला वेब एपीआय म्हणतात. मी आधी पाहिलं, स्क्रीन स्वतः काय विचारते. तिच्या मागणीलाच एक चाळणी जोडलेली होती: फक्त 'ऑफिस' नावाचा सर्व्हर दाखव. मी चाळणी काढून तीच मागणी पाठवली.

उत्तरात दोन सर्व्हर आले. दुसऱ्याचा पत्ता बाहेरचा होता, ठेकेदाराच्या स्वतःच्या सर्व्हरचा. मग मी सर्व्हरच्या नावाऐवजी नोंदीच्या प्रकाराची चाळणी लावली आणि धोक्याचे इशारे कोणाकडे जातात, एवढंच विचारलं. फक्त त्या बाहेरच्याकडे जात होते. ऑफिसला यंत्र बंद पडल्यावरच कळावं, अशी व्यवस्था केलेली होती. चोराने नुसतं ऐकलं नव्हतं, आमचे कानही बंद केले होते.

मालकांना सांगितलं, तर त्यांनी मला केबिनमधून हाकलून दिलं. सगळ्या यंत्रांची देखभाल मामा-भाच्यांकडे सोपवायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून मी माझ्या संगणकावरून सात नंबरच्या कंप्रेसरच्या नावाने एक खोटा इशारा सोडला: बेअरिंग तापलं.

दुसऱ्या सकाळी महाराज आले ते कळवळतच. सात नंबरचे सांधे जळतायत, हौदावरची ती बाई रात्री इथे फिरून गेली, तिला फाटकाबाहेर काढा, असं ते म्हणाले.

"महाराज," मेकॅनिक हळूच म्हणाला, "सात नंबर भंगारात जाऊन वर्ष झालं." त्याने रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवलं.

महाराजांनी रिकाम्या चौथऱ्यावरच तळहात टेकवला. "त्याचा आत्मा मला सांगतोय," ते म्हणाले. आणि खरं सांगते, दोघातिघांनी तेवढ्यावरही हात जोडले.

तेव्हा मी संगणक पुढे ओढला आणि आदल्या दिवशी पाठवलेला इशारा सगळ्यांना दाखवला. हा आत्मा मी टाइप केलाय, असं सांगितलं. मग तीच मागणी चाळणीसकट आणि चाळणीशिवाय पाठवली. पहिल्या उत्तरात एक नाव होतं, दुसऱ्यात दोन. मेकॅनिकने शेजारीच उभ्या असलेल्या ठेकेदार भाच्याचा फोन मागितला. भाचा द्यायला तयार होईना, तेवढ्यात फोन त्याच्या हातातच वाजला, चार नंबरचा दाब वाढल्याचा इशारा घेऊन. महाराजांच्या शुद्ध कानाला अजून काहीच कळलं नव्हतं.

मालकांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. झालं गेलं विसरून गुपचूप यंत्रशाळेत परत या, म्हणाले. ती दारातच थांबली.

"मला अपशकुनी ठरवलंत ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "मी तशी नाही, हेही सगळ्यांसमोर म्हणा."

मालकांना बाहेर येऊन म्हणावं लागलं. मान खाली घालून म्हणाले, पण म्हणाले. मामा-भाचे तोवर मागच्या फाटकाने निघून गेले होते, आणि दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कुणाचे तरी अश्रू ऐकत असतील.

म्हणून विनंती आहे. कुणी न सांगता काही ओळखून दाखवलं, तर पाय धरायच्या आधी विचारा: याला ही खबर कुठून मिळाली, आणि ती आपल्यापर्यंत का पोचली नाही? आणि तो एखाद्या बाईकडे बोट दाखवू लागला, तर उत्तर मिळेपर्यंत तिच्या शेजारी बसून डबा खा.