गोजरबाईचा निरोप

कारखान्याचं रेडिओ केंद्र बंद करावं, यावर १९७० च्या दिवाळीत गोदामाई साखर कारखान्याच्या संचालकांचं जवळजवळ एकमत झालं होतं. केंद्र म्हणजे गेटजवळची एक खोली, एक ॲम्प्लिफायर, एक मायक्रोफोन आणि तिथून ऊसतोड मजुरांच्या तळापर्यंत गेलेली तार. तळावर खांबांना कर्णे बांधले होते. त्यांतून रोज संध्याकाळी चेअरमनची भाषणं, खतांची माहिती आणि भक्तिगीतं ऐकवली जात. कोणी ऐकत नसे. बायका खांबांना दोऱ्या बांधून लुगडी वाळत घालत. चेअरमन रोज जेवायच्या वक्ताला येतो, पण ताटावर बसत नाही, असं गडी म्हणत.

केंद्र चालवायला गहिनीनाथ गर्जे हा हंगामी कारकून होता. कल्याण अधिकारी बोरुडे यांनी त्याला संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर लोक ऐकू लागले तर केंद्र राहील आणि तो कायम होईल. नाहीतर यंत्र हायस्कुलाला जाईल आणि तो घरी.

गहिनीनाथ पाथर्डीकडचा. त्याच्या बापानं अशाच तळावर हंगाम काढले होते. पाल्याच्या कोपीत राहणाऱ्या माणसाला सहा महिने एकच गोष्ट ऐकायची असते, घरी काय चाललंय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पाथर्डीहून रोज दुपारी येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर कानिफनाथ वाटेवरच्या गावांतून तोंडी निरोप आणत असे आणि जमेल तेव्हा तळावर जाऊन ज्याचे त्याला सांगत असे. गहिनीनाथनं त्याला गेटवरच थांबवलं. निरोप मला सांग, म्हणाला, मी एकदम सगळ्यांना सांगतो. कानिफनाथची पायपीट वाचली. त्यानंतर तो तळाकडे फिरकला नाही.

संध्याकाळी सहाला गहिनीनाथ गावावार निरोप सांगू लागला. सूर्यभानची शेळी व्याली, दोन्ही पिल्लं पाटी, माद्याच, आहेत, एकीला त्याच्या बायकोचं नाव ठेवलं आहे. कोणाच्या बापाला नवा चष्मा मिळाला, आता तो जास्तच शिव्या देतो. तळ हसायचा आणि पुढच्या गावासाठी गप्प व्हायचा. प्रत्येक गावाच्या शेवटी तो आपल्या मनानं एक ओळ घालत असे: बाकी गावात सगळं खुशाल. महिन्याभरात सहा वाजता तळावर कुत्र्याचं भुंकणंसुद्धा लोकांना खपेना. खांबांवरच्या दोऱ्या बायकांनी स्वतःच सोडल्या.

मार्गशीर्षात एकाच्या बापाच्या मरणाचा निरोप आला. गहिनीनाथनं तो सांगितला. त्या रात्री भावकीतल्या सगळ्या गाड्या गावाकडे निघाल्या आणि तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळला. बोरुडे साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"माणसं मेल्याचं कळवायला सरकारनं तारखातं ठेवलंय," ते म्हणाले. "आपण साखर करतो."

यापुढे मरणाचा निरोप सांगायचा नाही, आजारपणाचा त्यांना विचारल्याशिवाय सांगायचा नाही, असं ठरलं. गहिनीनाथनं मान्य केलं. केंद्र नुकतं कुठं उभं राहत होतं.

पिंपळदऱ्याची लंकाबाई आणि तिचा नवरा सहादेव याच तळावर होते. आदल्या हंगामात त्यांची मुलगी पुष्पा बैलगाडीच्या चाकाखाली येता येता वाचली होती, म्हणून यंदा तिला सहादेवच्या आईजवळ, गोजरबाईजवळ, गावी ठेवलं होतं. पोर चार वर्षांची. लंकाबाई रोज सहाला पिठाच्या हातानं खांबाखाली येऊन उभी राही. पिंपळदरा होईपर्यंत तिची भाकरी तव्यावर पडत नसे.

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी कानिफनाथनं निरोप आणला. पुष्पाला हगवण लागली आहे, पोरगी पाणी पीत नाही, लंकाबाईला आजच्या आज धाडा. गोजरबाई स्वतः रस्त्यावर येऊन एस.टी. अडवून बोलली होती.

गहिनीनाथ लगेच बोरुडे साहेबांकडे गेला. लंकाबाईची टोळी त्या आठवड्यात व्हाइस चेअरमनच्या फडात होती आणि तो गुरुवारपर्यंत मोकळा करायचा होता. शिवाय बुधवारी संचालक मंडळ केंद्राचा निकाल लावायला बसणार होतं. सहाचे निरोप ऐकायला संचालक स्वतः तळावर जाणार होते. साहेबांनी हे सगळं शांतपणे सांगितलं. लहान पोरं हगतात आणि उठतात, गुरुवारी सांग, म्हणाले. गहिनीनाथ खोलीकडे परत आला.

त्या संध्याकाळी पिंपळदऱ्याचे आणखी तीन निरोप होते. ते त्यानं सांगितले. नेहमीची ओळ गाळली असती तर तळावर कुजबुज झाली असती. त्यानं ती गाळली नाही. लंकाबाईनं ऐकलं आणि भाकरी टाकायला गेली.

मंगळवारच्या गाडीला दुसराच कंडक्टर होता; तो निरोप घेत नसे. बुधवारी सकाळी पिंपळदऱ्याचा एक माणूस मिळेल त्या ट्रकनं तळावर आला. पोरगी मंगळवारी संध्याकाळीच गेली होती. गोजरबाईनं मध्यरात्रीपर्यंत रस्त्याकडे तोंड करून वाट पाहिली होती. शेवटी भावकीनं पोर पुरली होती.

त्याच दिवशी सहाला संचालक तळावर आले. सगळा तळ कर्ण्याकडे माना करून बसलेला त्यांनी पाहिला आणि केंद्र चालू ठेवायचं ठरवलं. लंकाबाई आणि सहादेव तोवर गावी पोचले होते.

सहादेवनं दारातच आईला विचारलं, कळवलं का नाही. गोजरबाई म्हणाली, कळवलं होतं, कंडक्टरला हात धरून सांगितलं होतं. गावातल्या कोणाला ते पटलं नाही. रेडिओवर शेळी व्यायल्याचं सांगतात आणि पोरगी मरायला लागली ते सांगत नाहीत, हे कोण मानणार? कानिफनाथला गाठलं, तर मिळालेले सगळे निरोप मी दिले, एवढंच तो म्हणाला. त्यात म्हातारीचा होता का, यावर तो शपथ घ्यायला तयार होईना. निरोपांवरून आगारात त्याला आधीच ताकीद मिळाली होती. म्हातारीनं हयगय केली आणि आता खोटं बोलते, असं गावानं ठरवलं. सहादेवनं तिच्या हातचं पाणी सोडलं. ती गोठ्यात राहायला गेली.

त्यांची बैलगाडी रिकामी उभी आहे म्हणून टोळीच्या मुकादमानं दोघांना परत बोलावलं. आल्या दिवशी दुपारी लंकाबाई रेडिओच्या खोलीत आली. गहिनीनाथनं तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"मास्तर, येकच इचारायचंय. म्हातारीनं निरोप धाडला हुता का न्हाई?"

गहिनीनाथ तिच्याकडे न बघता तारा चाचपत राहिला.

"तुमी न्हाई म्हनला तर मी जाते माघारी," ती म्हणाली. "पोर काय आता येत न्हाई. पन म्हातारी गोठ्यात बसलीय. सोता जेवत न्हाई, कुनी वाढीत बी न्हाई. ती मरायच्या आत मला कळू द्या."

"धाडला होता," तो म्हणाला. "सोमवारी दुपारी. मी सांगितला नाही."

लंकाबाई रडली नाही. तिनं मायक्रोफोनवर हात ठेवला. मग म्हणाली, "मला सांगून उपेग न्हाई. मी सांगितलं तर त्यास्नी वाटंल, सासूला पाठीशी घालती. तुमी ह्याच्यातनं सांगा."

"साहेब तार तोडतील, बाई."

"तवर सांगून हुईल."

त्याच्या कायम नेमणुकीवर सही झालेली होती. ते त्यानं तिला सांगितलं नाही. ती गेल्यावर त्यानं त्या दिवसाचे निरोप गावावार लावून ठेवले.

सहा वाजता त्यानं पिंपळदरा आधी घेतला. गोजरबाईनं सोमवारी निरोप पाठवला होता, तो सांगितला: नात पाणी पीत नाही, लंकाबाईला आजच्या आज धाडा. हा निरोप माझ्याकडं आला, मी तो दाबला आणि गावात खुशाल आहे असं सांगितलं, म्हणाला. गोजरबाई खरं बोलते. मग त्यानं पुढच्या गावाचे निरोप सुरू केले. ते कोणी ऐकले नाहीत. तळ उठून गेटकडे निघाला होता. प्रत्येकाला आपल्या गावाचं विचारायचं होतं: आणखी कोणाचं काय दाबलं? काहीच नाही, असं गहिनीनाथ दारात उभा राहून सांगत होता. ते खरं होतं, पण आता त्याच्या सांगण्याला किंमत नव्हती.

पहाटेपासून गाड्या गावाकडे निघाल्या. बहुतेकांच्या घरी सगळं ठीक होतं; ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला गेले होते. गव्हाणीत टाकायला ऊस नाही म्हणून कारखान्याचं गाळप तीन पाळ्या बंद राहिलं. गहिनीनाथला त्याच दिवशी काढलं. कर्णे उतरवून यंत्र हायस्कुलाला देण्यात आलं. बोरुडे साहेबांना कोणी काही विचारलं नाही.

सहादेव पहिल्या एस.टी.नं गावी गेला. गोजरबाई गोठ्याच्या दारात शेंगा सोलत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि रेडिओवर काय सांगितलं ते सगळं बोलला. आई, तू खरी हुतीस, म्हणाला.

"मी सांगत हुते तवा मी कोन हुते?" गोजरबाईनं विचारलं.

 सहादेव घरात चल म्हणाला. तिनं सोललेल्या शेंगा सुपात भरल्या, सूप उंबऱ्यावर ठेवलं आणि आपलं गाठोडं बांधलं. भावाकडं जाते, एवढंच शेजारणीला सांगितलं. सहादेव थांब्यापर्यंत तिच्या मागून चालत गेला. एस.टी. आली तेव्हा त्यानं गाठोडं वर चढवायला हात पुढे केला. तिनं ते त्याच्या हातात दिलं नाही. एका हातानं दांडा धरून, दुसऱ्यानं गाठोडं छातीशी घेऊन ती आपली आपण चढली.