रतनबाईंना ऐकू न येणारे आवाज

पासलीच्या रतनबाईंना घरात बसून घाटातल्या टेम्पोची घरघर ऐकू येत असे. शेजारी उभ्या असलेल्या सुनेची हाक ऐकू येत नसे.

मुलगा गोरख जाड आवाजाचा. त्याला अंगणातूनही उत्तर मिळे. सून मंगल घरच्या रीतीप्रमाणे सासूशी नजर खाली ठेवून, हळू बोले. रतनबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि एसटीने, नसरापूरला गाडी बदलून, त्यांना भोरला डायलिसिससाठी नेणारी मंगलच होती.

“लेकाचं सगळं ऐकू येतंय, माझंच तेवढं न्हाई! ढोंग हाय नुसतं,” एका सकाळी ती गोरखला म्हणाली. “आजची खेप करते, उद्या माहेरी जाते.”

“मग आईला कोण नेणार? माझा दुधाचा टेम्पो हाय.”

“तुमी न्या. तुमचंच ऐकत्यात की!”

डायलिसिस चुकत गेले तर आई जगणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

भोरच्या केंद्रात रतनबाई डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. अचानक त्यांच्या उशाशी असलेले यंत्र कर्कश किंचाळू लागले. मंगल ताडकन उठली. पलीकडच्या खाटेवरचे आनंदराव ओरडले, “कुणाचं यंत्र कोकलतंय? माझं असलं तर घरी कळवा!”

रतनबाई छताच्या पंख्याकडे शांतपणे पाहत राहिल्या. परिचारिकेने मुडपलेली नळी सरळ केली, आवाज थांबला.

डॉक्टर अश्लेषा हे पाहत होत्या. “ताई, आजींना कमी ऐकू येतं का?”

“सोयीचं तेवढं येतं,” मंगल म्हणाली.

“आताचा भोंगा गैरसोयीचा होता? आपल्याच उशाशी एवढा गजर झाला आणि पापणीही लवली नाही. ढोंग करणाऱ्यालाही दचकणं इतकं आवरत नाही.”

“पर टेम्पो ऐकू येतो त्यास्नी!”

“टेम्पोचा आवाज जाड. यंत्राचा बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, आणि तुमचाही. मला शंका आहे, खात्री तपासणीनंतर. तोवर निकाल देऊ नका.”

मंगलने माहेर लांबणीवर टाकले. चार दिवसांनी कानांची तपासणी झाली. जाड आवाज बरेचसे ठीक. बारीक आवाज जवळजवळ नाहीत!

घरी आल्यावर मंगल प्रथमच सासूच्या समोर बसली. सावकाश म्हणाली, “आत्याबाई, माझं बोलणं कळत नव्हतं, तर सांगितलं का न्हाई?”

रतनबाईंनी तिच्या ओठांकडे निरखून पाहिले. “मला वाटलं, दुखणं लई लांबलं, म्हून तू बोलायचंच टाकलंस. मग कशाला इचारू?”

अरेरे! एका चुलीपाशी बसून एकीने ढोंगाचा आणि दुसरीने अबोल्याचा आरोप ठेवला होता, आणि तो कोणीच तपासला नव्हता!

“माहेरी जायचं होतं न्हवं तुला?” गोरखने बिचकत विचारले.

“आता आत्याबाईंच्या कानाचं यंत्र बसवल्याबिगर कुठं जाती मी?”

नागरिकहो, माणसाच्या स्वभावावर ठपका ठेवण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत; मूत्रपिंडाच्या रुग्णाचे तर अवश्य. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात साचणारी दूषित द्रव्ये आतल्या कानालाही इजा करू शकतात, काही औषधे त्यात भर घालतात, आणि बारीक आवाज बहुधा आधी हरवतात. रतनबाईंच्या बहिरेपणात आजाराचा वाटा किती, औषधांचा किती आणि वयाचा किती, हे वेगळे काढता आले नाही. ढोंगाचा वाटा शून्य होता.